२०२४ चं साहित्यवर्ष: आमच्या देवघेवीच्या वहीतून

बोरीकाठ (धागाकर्ता)

वर्ष संपायला दोन दिवस उरले. वर्षभरातल्या पुस्तकांच्या याद्या सगळीकडे पडायला लागल्यात आणि त्यांतली निम्मी नावं दरवर्षी तीच असतात. म्हटलं आपणही एक काढू. पण माझ्याकडे साधन एकच, वाचनालयाची देवघेवीची वही. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात संध्याकाळी ६ ते ८ मी ती घेऊन बसतो, बिनपगारी. दोन कपाटं, एक टेबल, एक पंखा. सभासद कागदावर ९४, येणारे पंधरा-वीस.

सुरुवात अर्थात फेब्रुवारीपासून. ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २, ३ आणि ४ फेब्रुवारीला अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या आवारात भरलं. अध्यक्ष रवींद्र शोभणे, उद्घाटनाला सुमित्रा महाजन, यजमान आपलं मराठी वाङ्मय मंडळ. ह्याआधीचं अमळनेरचं संमेलन १९५२ सालचं, अध्यक्ष कृ. पां. कुलकर्णी. त्या संमेलनाला माझे आजोबा गेले होते असं घरात सांगतात. त्यांनी तिथे काय ऐकलं ते कोणालाच ठाऊक नाही. येताना कंदिलाची नवी काच आणली होती, हे मात्र सगळ्यांना पाठ आहे.

मी तिन्ही दिवस गेलो. भाषणं किती ऐकली म्हणाल तर अडीच. बाकी वेळ पुस्तकांच्या गाळ्यांवर, खिशात वाचनालयाचे ३००० रुपये आणि मागे उभा असलेला खजिनदार. शोभण्यांचं ‘उत्तरायण’ घेतलं, महाभारतावरची कादंबरी, जाडजूड. वर्षभरात दोघांनी नेलं, एकाने पुरं केलं. ते निवृत्त तलाठी. महाभारत त्यांना सातबाऱ्यासारखं तोंडपाठ. पुस्तक परत देताना आत चिठ्ठी घालून दिली, तीन ठिकाणी शंका, पानाच्या नंबरासकट.

पण वर्षाचं पुस्तक विचाराल तर माझ्या वहीत एकच आहे. जूनमध्ये साहित्य अकादमीचे युवा आणि बालसाहित्य पुरस्कार जाहीर झाले. बालसाहित्याचा भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला, युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला. हा लेखक स्वतः शिवणकाम करणारा, आणि कादंबरीही रेडिमेड कपड्यांनी धंदा बसलेल्या शिंप्याची. मी ती मागवली ती खरं तर एका माणसासाठी.

आमच्या गावात आता एकच शिंपी उरलाय. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. सातवी पास, पेपराशिवाय काही वाचत नाहीत. मी म्हटलं, आप्पा, हे पुस्तक शिंप्याने लिहिलंय. ते म्हणाले, “शिंप्याला लिहायला वेळ कुठून आला?” मी म्हटलं, गिऱ्हाईक नसेल. त्यावर हसले नाहीत. पुस्तक मात्र नेलं.

अकरा दिवसांनी आणून दिलं. मुखपृष्ठावर खडूच्या निळ्या रेघा. मशीनवरच ठेवून वाचत असणार. विचारलं कसं आहे, तर म्हणाले, “बरोबर लिहिलंय पोराने.” मग बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले. पूर्वी नवरात्रात माप घेणं बंद करावं लागे, दिवाळीचं काम उरकत नसे म्हणून. आता काय, पॅन्टची चेन बदला, पोरांच्या गणवेशाची दुमड सोडा, रेडिमेड शर्ट कमरेत आत घ्या. “नवं कापड हातात येतच नाही, दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं नि परत शिवायचं,” म्हणाले. कादंबरीचं नाव त्यांनी असं मला समजावून सांगितलं. पुरस्कार समितीने ह्याहून बरं काय लिहिलं असेल, वाचायला आवडेल.

त्यानंतर ते पुस्तक नऊ वेळा वहीत चढलं. आमच्याकडे हा विक्रमच.

ऑक्टोबरात ३ तारखेला, ऐन घटस्थापनेला, केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्या संध्याकाळी वाचनालयात चार जण आले, त्यांतले दोन मोबाईल चार्जिंगला. डिसेंबरात १८ तारखेला साहित्य अकादमी सुधीर रसाळ यांना, ‘विंदांचे गद्यरूप’साठी. आमच्याकडे विंदा आहेत ते ‘राणीची बाग’वाले. समीक्षेचं पुस्तक गेल्या सहा वर्षांत वहीत एकदाही चढलेलं नाही. ह्यात रसाळ सरांचा काही दोष नाही, कपाटात समीक्षा आहेच कुठे?

आणि परवाच, २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जन्माला १२५ वर्षं पुरी झाली. त्यावर वेगळं लिहीन.

तुमच्याकडे काय वाचलं गेलं ते सांगा. विकत घेतलेलं नको, वाचलेलं सांगा.

रातराणी

‘सातबाऱ्यासारखं तोंडपाठ’ला जोरात हसले, घरातले बघायला आले. आप्पांचं मात्र दोनदा वाचलं.

काय_भो

खानदेशात ७२ वर्षांनी संमेलन आलं अन् तुम्ही ऐकली अडीच भाषणं! बरं केलं भो. पण भाषणांचं जाऊ द्या, जेवणाचं काहीच लिहिलं नाही तुम्ही. फेब्रुवारी म्हणजे भरताचा शेवटचा शेवटचा सीझन.

पांझरा

काय_भो, अमळनेरात ७२ वर्षांनी. खानदेशात नव्हे. ही चूक वर्षभर चांगले चांगले लोक करत होते, म्हणून एकदा लिहून ठेवतो. जळगावला १९३६ मध्ये, अध्यक्ष माधव जूलियन. आमच्या धुळ्याला १९४४ मध्ये, मामा वरेरकर. मग अमळनेर १९५२. आणि पुन्हा जळगाव १९८४, शंकरराव खरात. ते तर मी पाहिलेलं आहे, कॉलेजात होतो.

१९३६ चं अजून एक. त्याच वर्षी डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. म्हणजे एकाच सालात जिल्ह्यात माधव जूलियनही आणि नेहरूही. आणि त्याच्याही मागे जायचं तर १९०७ चं जळगावचं कविसंमेलन. धरणगावचा सतरा वर्षांचा ठोमरे तिथे कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ होऊन परतला. पुढे अकरा वर्षांनी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला. भुसावळकडे जाताना भादली आलं की मी अजून खिडकीबाहेर बघतो.

काय_भो

चूक कबूल. १९८४ ला मी पाळण्यात होतो, सूट द्या. पण भरताचं राहिलंच.

बोरीकाठ

जेवणाचं मला विचारू नका, मी घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून नेला होता. खजिनदाराने माझ्यातलीच खाल्ली आणि वर पुस्तकांवरही घासाघीस केली.

जंक्शनवाली

मी भुसावळची, एम.ए. करतेय. माझ्या वहीतलं सांगते. १० ऑक्टोबरला हान कांगला साहित्याचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली दक्षिण कोरियन आणि पहिली आशियाई लेखिका. ‘द व्हेजिटेरियन’ इंग्रजीतून वाचली. एक बाई स्वप्नं पडायला लागल्यावर मांस सोडते आणि नवरा, बाप, सगळं घर तिच्यावर उलटतं. बाप तर तिच्या तोंडात मांस कोंबायला जातो.

आमच्या ग्रुपवर सगळे लिहीत होते की किती वेगळी, किती परकी कथा. मला ती मुळीच परकी वाटली नाही. माझी आजी माळकरी. तिने आयुष्यभर वशाट खाल्लं नाही, पण आजोबांसाठी शिजवलं, परसात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, चव न घेता. मीठ बरोबर आहे का ते आजोबा सांगायचे, आणि कमी-जास्त झालं तर तेही तेच सांगायचे. तिच्यावर कोणी हात उगारला नाही, पण चूल तिला टाळता आली नाही. हे पुस्तक मी तिला दुपारी तोंडी सांगितलं, थोडं गाळून. तिने एवढंच विचारलं, “तिच्या घरी दुसरी बाई नव्हती का रांधायला?”

माझ्या सेमिनारमध्ये हा प्रश्न मी घातला, गुण बरे मिळाले. आजीला सांगितलं नाहीये अजून.

रातराणी

जंक्शनवाली, तुझ्या आजीला एक वेगळा धागा काढून दे.

जाणाऱ्यांचीही नोंद असू द्या. मे महिन्यात कॅनडाच्या कथालेखिका अ‍ॅलिस मन्रो गेल्या. परवा २५ डिसेंबरला मल्याळम लेखक एम. टी. वासुदेवन नायर. आणि आपल्यापुरतं म्हणायचं तर २०२४ च्या संमेलनात ना. धों. महानोर नव्हते, आदल्या ३ ऑगस्टला गेले. पळासखेडं सरकारदरबारी मराठवाड्यात असेल, जळगावकर त्यांना आपल्यातलेच धरत आले. अमळनेरच्या मांडवात ते हवे होते असं निदान मला तरी तिन्ही दिवस वाटत होतं.

अहिर_गडी

समदं बरं लिखं भाऊ. पन आम्हनी अहिरानी कोठे शे? संमेलन आम्हना दारशे व्हयनं, अभिजात बी व्हयनं, आते तरी अहिरानीनं नाव ल्या.

मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याचे म्हणतील कळलं नाही. बहिणाबाईंनी अख्खी कविता अहिराणीत केली, तिच्या नावाने विद्यापीठ आहे, आणि तिथेच बाहेरच्या टपरीवर पोरं अहिराणी बोलायला लाजतात.

असोद्याची_लेक

अहिर_गडी दादा, लाजण्याचं म्हणता ते खरं. बहिणाबाईंचं मात्र तसं नाही. त्या असोद्याच्या, माझ्या माहेरच्या. त्यांची बोली लेवा पाटीदारांची, लेवा गणबोली म्हणतात ती. कोणी तावडी म्हणतात. अहिराणीत ‘मन्हा’, ‘तुन्हा’, ‘शे’. आमच्या घरात ‘माह्या’, ‘तुह्या’, ‘हाये’. ळ चा य दोन्हीकडे होतो, डोळ्याचा डोया, केळीची केयी, आणि बाहेरचा माणूस तिथेच फसतो. खानदेश म्हणजे अहिराणी असं एकदा डोक्यात बसलं की पूर्वेकडचा सगळा पट्टा त्यात बुडून जातो.

१९५२ चा विषय निघालाच आहे तर. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात नि जात्यावर गाणी म्हणायच्या, मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतलेली वही घरात पडून होती. ती आचार्य अत्र्यांना दाखवली गेली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. म्हणजे अमळनेरला मोठमोठे सारस्वत जमले ते आणि ह्या बाईचं पुस्तक आलं ते, साल एकच. ७२ वर्षांनी त्यांतलं काय घरोघरी आहे ते तुम्हीच सांगा. १९५२ च्या संमेलनाचे अध्यक्ष मला बोरीकाठ काकांच्या धाग्यावर आज कळले. तशी मीही मराठीची पदवीधर आहे, हसू नका.

अहिर_गडी

चुकनं ताई, मान्य. पण मग दोन बोल्यांचं दुःख झालं ना, एकीच्या जागी दोन?

असोद्याची_लेक

झालं.

सदाशिव_पेठेबाहेरचा

पुण्यातून नम्र विचारणा. अहिराणी कळत नाही पण शिकायची आहे. सुरुवात कुठून करावी?

पांझरा

डॉ. रमेश सूर्यवंशींचा अहिराणी शब्दकोश आहे, त्यांनी म्हणी आणि वाक्प्रचारांवरही काम केलंय. सटाण्याचे डॉ. सुधीर देवरे ‘ढोल’ हे अहिराणीचं नियतकालिक काढत आले. पण खरं सांगू का, साक्री किंवा शिरपूरच्या एसटीत बसा आणि बायका जिथे बसल्यात त्याच्या मागचं सीट धरा. कोशात न सापडणारं तिथे मिळेल.

अभिजातबद्दल मला वेगळंच बोलायचंय. रंगनाथ पठारे समितीचा अहवाल २०१३ चा. दर्जा मिळाला २०२४ ला, आणि त्याच बैठकीत पाली, प्राकृत, असमिया, बंगालीलाही. आता देशात ११ अभिजात भाषा झाल्या. ठीक आहे, आनंद आहे. पण भाषेचं वय पुराव्यावर ठरतं आणि पुरावा म्हणजे कुठेतरी कोणीतरी जपलेले कागद. ते जपणारी दोन घरं धुळ्यात आहेत. एक राजवाडे संशोधन मंडळ, दुसरं शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी हस्तलिखितं मठामठांतून गोळा करून उभं केलेलं समर्थ वाग्देवता मंदिर. माझी नात धुळ्यातच वाढली, दोन्ही इमारतींसमोरून ती रोज क्लासला जाते. परवा विचारलं तर तिला एकही ठाऊक नव्हतं. चूक आजोबाची. रविवारी नेतो.

इतिहासाचार्य राजवाडे गेले ३१ डिसेंबर १९२६ ला, म्हणजे उद्या-परवाच स्मृतिदिन. ३१ ला हॉटेलात जागा मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी तिकडे यावं, जागा भरपूर असते.

सातपुडा_पायथा

मी शहाद्याकडचा, आश्रमशाळेत शिकवतो. बोरीकाठ सरांनी एका मांडवाचं लिहिलं, अमळनेरात दोन होते. त्याच दिवसांत, ३ आणि ४ फेब्रुवारीला, १८वं विद्रोही साहित्य संमेलनही तिथेच झालं, अध्यक्ष डॉ. वासुदेव मुलाटे. मी मुलांना घेऊन दोन्हीकडे गेलो. नववीची नऊ पोरं. पोरांना विद्रोही नि प्रस्थापित ह्यातलं काही कळलं नाही. इकडून तिकडे का चाललोय सर, एकाच गावात दोन लग्नं आहेत का, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, भाऊबंदकी आहे. ते त्याला लगेच कळलं.

आम्ही जाताना एक कविता पाठ करून नेली होती. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’, ‘गोधड’ संग्रहातली. भिल्ल कवी, आमच्याच भागातले. आमचं दुःख आम्हालाच स्टेजवरून सांगितलं जातं आणि आम्हाला कोणी वर बोलावत नाही, असं त्या कवितेत आहे. परतताना एसटीत पोरांनी ती म्हटली. कंडक्टरने तिकीट फाडायचं थांबवून ऐकली. आमचं २०२४ चं साहित्य संमेलन खरं तर चोपड्याच्या पुढे, त्या गाडीतच झालं.

काय_भो

सर, ते लग्नाचं वाक्य मी वापरणार आहे, आधीच माफी.

बोरीकाठ

सातपुडा सर, दुसऱ्या मांडवात मी गेलो नाही ही माझीच आळशी चूक. पायी जाण्याइतकं अंतर होतं. पुस्तकांचं ओझं होतं असं कारण देऊ शकतो, पण खजिनदारानेच उचललं होतं ते.

साने गुरुजींचं लिहायचं राहिलं होतं. अमळनेरला ते आले १९२३ च्या सुमारास, प्रतापशेठजींच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासाला. तिथे ते रमले नाहीत, प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, छात्रालय सांभाळलं, पोरांसाठी हातानं लिहून दैनिक काढलं. १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात. सगळे ‘श्यामची आई’वर बोलतात आणि ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली हेही सांगतात. धुळ्याच्या तुरुंगाचं कमी बोललं जातं. १९३२ मध्ये तिथे विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलत आणि गुरुजी भराभर उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहेत त्या लेखणीमुळे. स्वतः एवढा लिहिणारा माणूस दुसऱ्याचं बोलणं शब्दन् शब्द टिपत बसतो, मला ‘श्यामची आई’पेक्षा हे जास्त हलवतं. मतभेद चालतील.

पांझरा

मतभेद नाही. धुळ्याचं नाव आलं की माझे मतभेद मिटतात.

असोद्याची_लेक

दिल्लीचं कोणीच लिहिलं नाही. ९८वं संमेलन येत्या फेब्रुवारीत दिल्लीला, अध्यक्ष तारा भवाळकर. आजवरच्या सहाव्याच महिला अध्यक्ष, कुसुमावती देशपांड्यांपासून मोजून. बायकांच्या ओव्या, जात्यावरची गाणी, लोककथा ह्यांचा अभ्यास करण्यात ज्यांचा जन्म गेला त्या बाई. बहिणाबाईंच्या गावची म्हणून मला ह्या निवडीचा अभिजातपेक्षा कणभर जास्त आनंद झाला. दर्जा कागदावर येतो. पण मांडवातल्या मधल्या खुर्चीत जात्यावरचं गाणं जाऊन बसणार आहे, ते बघायला मिळेल.

पांझरा

आणि दिल्लीचं आधीचं संमेलन १९५४ चं, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. जन्मगाव पिंपळनेर, जिल्हा धुळे. थांबतो आता.

काय_भो

😂 थांबू नका नाना, तुम्ही थांबलात की धागा बंद पडतो.

सदाशिव_पेठेबाहेरचा

नाना, एसटीचं सीट धरलं आहे. नववर्षात साक्रीला येतोय, थट्टा नाही. कोणी भरीत खाऊ घालणार असेल तर ‘ढोल’चे जुने अंक शोधत फिरायचीही तयारी आहे.

बोरीकाठ

भरीत माझ्याकडे. हिरवी लांब वांगी आणि तुरकाट्यांचा जाळ, बाकी चर्चा नंतर.

पुढच्या वर्षीच्या खरेदीला २२०० रुपये शिल्लक आहेत. ह्या धाग्यावरून ‘गोधड’ आणि अहिराणी शब्दकोश टाकतोय यादीत. हान कांगचं कोणी मराठीत आणलं असेल तर तेही कळवा, जंक्शनवालीच्या आजीसाठी.

हे टंकत असतानाच आप्पा येऊन गेले. त्या तुळजापूरच्या पोराने दुसरं काही लिहिलंय का, विचारत होते. म्हटलं बघून सांगतो, बसा जरा. बसले नाहीत. उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला जाणाऱ्या एका पोराच्या दोन पॅन्टी आखूड करायच्या आहेत म्हणे.